कितवा

लोकमान्य नगरच्या नाक्यावर, पोह्यांच्या गाडीपाशी
बाबांनी विचारलंच,
"मग? कितवा आलास?"

हा शब्द मला बालवाडीपासून चिकटलाय,
चेनचं काळं ग्रीस चिकटतं ना पोटरीला, तसा.
रॉकेलनं घासलं तरी जात नाही.

म्हटलं, बाबा, तिथे कितवा नसतो.
चौघं असतो. सोळा फेऱ्या, चार किलोमीटर.
लाकडी ट्रॅक, वळणावर भिंतीसारखा उभा.
सायकलला ब्रेक नाही,
पाय थांबवायची सोय नाही,
आणि घड्याळ थांबतं ते तिसऱ्याच्या चाकावर.

"तिसऱ्याच्या?
मग पहिला काय करतो?"

जिरावण भुरभुरताना मनोहर भियाचाही हात थांबला.
मी ताटल्या ओळीनं मांडल्या.
ही लैशरामची. ही हरकिरतची.
शेव जास्त पडलीये ती पोर्ट ब्लेअरच्या डेन्झिलची.
ही अजून रिकामी, माझी.
पुढचा असतो तो वारा फोडतो.
मागचे तिघं त्या फुटलेल्या वाऱ्यात,
चाकाला चाक, मध्ये चार बोटं.
पुढचा दमला की भिंतीवर चढतो,
तिघांना खालून जाऊ देतो
आणि उतरून शेपटाला लागतो.
मी जलेबीचा तुकडा फिरवून दाखवला.
पाक ठिबकला बाबांच्या बुटावर.

एवढंच सांगितलं.

हे नाही सांगितलं, की उभ्या सायकलला जागचं हलवणारा मी होतो,
की पहिल्या अर्ध्या फेरीत मांड्यांत जे शिसं ओतलं जातं
ते शेवटपर्यंत निवत नाही.
बाराव्या फेरीला माझी शेवटची पाळी.
ठरली होती एक, ओढल्या दोन.
वर गेलो, खाली आलो,
तर डेन्झिलचं चाक चार बोटांवर नव्हतं.
चार हातांवर होतं.
मग चार घरांवर.
गर्दी ओरडत होती, त्या तिघांसाठी.
आमची आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागली
तेव्हा मी पलीकडच्या वळणावर होतो,
एकटा, तोंडात रक्ताची चव,
आणि पाय आपले फिरतायत,
कारण ते थांबवता येत नाहीत.

बाबा रिकाम्या ताटलीकडे बघत होते.
तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचलेला माणूस,
आकडा हाती लागला नाही की कासावीस होतो.
मग म्हणाले,
"म्हणजे खांदेकरी."

मनोहर भिया दचकला. "अरे दादा, सुबे-सुबे!"

"आजोबांना पंचकुईयाला नेलं तेव्हा
बाळूकाका मध्येच बाजूला झाला, पायात काच गेली होती.
दुसरा आत शिरला.
काका मागून आला, लंगडत, सगळ्यांच्या बराच नंतर.
त्याला कुणी विचारलं नाही,
कितवा म्हणून."

पोहे गार झाले होते. आम्ही खाल्ले.
घरी आईला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला
फाटकाशी जुनी स्कूटर घुरघुरत होती.
मफलर, माकडटोपी, पायात सँडल.
"कॉरिडॉरवर जातोस ना? चल.
पुढे मी राहतो."

सुपर कॉरिडॉरला त्या वेळी कुणी नसतं,
दिवे आणि कुत्री.
मी त्यांच्या मागच्या चाकाला लागलो.
दुसऱ्याची पाठ मला तोंडपाठ असते,
लैशरामच्या डाव्या खांद्याची उचल,
हरकिरतच्या मानेवरचा तीळ.
ही पाठ मात्र पहिल्यांदा बघत होतो.
स्वेटरला बगलेत उसवण.
वारा त्यांच्या कानांवर फुटत होता
आणि माझ्यापर्यंत
फक्त पेट्रोलचा आणि अमृतांजनचा वास येत होता.

पन्नासच्या वर कधी पेट्रोल भरत नाहीत ते.
विमानतळाच्या अलीकडे स्कूटर ठसकली,
एकदा, दोनदा.
त्यांनी डावीकडे घेतली आणि हात हलवला, जा.
मागे वळून बघायचं नसतं, आमचा नियम आहे.

बरंच पुढे जाईपर्यंत ऐकू येत होतं,
डांबरावर घासणारे सँडल
आणि ढकलत आणलेल्या चाकाची
कुरकुर.