फळा : जानेवारी ते जून

बापाची वही सापडली. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची.
साल शहाऐंशी. जानेवारी ते जून भरलेली,
पुढं कोरी.

पेपर आमच्या गावात एक दिवस शिळा यायचा,
साकोलीहून, दुपारच्या एसटीत, डाकेच्या थैलीखाली दबून.
डोमाजी, म्हणजे माझा बाप, टपालाचं आटपून
समाजमंदिराच्या फळ्यावर खडूनं लिहायचा.
वर जग. खाली डाव्या कोपऱ्यात गाव :
'बुधाजीची पांढरी शेळी चुकली आहे. शिंग एक.'
रात्री तेच सगळं वहीत उतरवायचा,
शेळीसकट.

एकोणतीस जानेवारी :
'आज एक शाळेची बाई आकाशात जाणार.'
मी तिसरीत. शाळा सुटली तशा सोनकुसरे बाई
आम्हाला फळ्यापाशी घेऊन आल्या, वाचून दाखवलं,
म्हणाल्या, हात हालवा रे.
आम्ही पोरांनी मान दुखेस्तोवर हात हालवले,
बहुतेक एका घारीला.
सरपंचाच्या रेडिओचे सेल संपलेले होते.
ती तर आदल्या रात्रीच गेली होती, धूर होऊन,
आम्ही आंबील पिऊन झोपलो त्या सुमारास.
दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली
ती खिडकीकडं तोंड करून.

त्यानंतर बापानं 'आज' हा शब्द कधीच लिहिला नाही.
'काल' लिहायचा. कधी 'परवा'.
खात्री नसली की नुसती तारीख.

फेब्रुवारी संपता संपता कुण्या बेटांवरचा राज्यकर्ता
बायकोला घेऊन रातोरात पळाला.
रणगाड्यांपुढं जोगिणी गुडघे टेकून बसल्या होत्या.
हे गावानं ऐकून घेतलं. गाव अडकलं ते राणीच्या जोड्यांवर.
"तीन हजार मंजे माह्या तीन दिवसाच्या बिड्या,"
सायत्राबाई सूप मांडीवरून न हलवता म्हणाली,
"इतके जोडे, अन् पाय किती हो तिले?"

त्याच आठवड्यात एक पंतप्रधान
सिनेमा पाहून बायकोसोबत घरी चालला होता, पाठीत गोळी.
"पायी?" आडकू ढिवरानं विचारलं.
"पंतप्रधान, अन् पायी?"
मेल्याचं त्याच्या ध्यानात नंतर आलं.

शेपटीचा तारा मात्र आडकूनंच आधी पाहिला,
पहाटे तलावात जाळं टाकताना, दक्षिणेकडं.
पाच दिवस तो कुणाला बोलला नाही.
फळ्यावर नव्हतं ना.

मे महिना. तेंदूचा हंगाम.
बाया जंगलातून फडीवर, डोईवर गाठोडी,
सत्तर पानांचा एक पुडका, शंभर पुडक्यांवर हिशेब.
फळ्यावर :
'रशियात विजेची भट्टी फुटली. विष दिसत नाही,
वाऱ्यावर जाते. दूध ओतून टाकत आहेत.
पोरांना पालेभाजी देऊ नये.'
सगळ्या थांबल्या. एकीनं गाठोडं खाली ठेवलं,
पान उचलून वास घेतला, परत ठेवलं.
"तिकडं पान तोडाले कोन जात असन?" सायत्राबाई म्हणाली.
वहीच्या समासात, बारीक अक्षरात :
'सा.नं विचारलं. पेपरात नाही.'

जून. 'एकानं हातानं गोल केला. पंचाला दिसलं नाही.'
"पंचाले दिसलं नाही तं झाला ना मंग गोल,"
आडकू. तो पंचायतीचा मेंबर होता दोन वर्षं.

शेवटचं पान, तीस तारीख.
वर : 'फायनल झाली असेल.
कोण जिंकलं ते यायचं आहे.'
खाली कोपऱ्यात :
'ग्रामपंचायतीच्या टीव्हीसाठी घरटी पाच रुपये.
डोमाजीकडे जमा करावे.'
त्याखाली, खडू कमी पडल्यावर तो लिहायचा तसं
चिकटून चिकटून,
'बुधाजीची शेळी : तपास नाही.'

टीव्हीची तार न्यायला खिळा ठोकला
तो फळ्यातूनच गेला, हे मला आठवतं.
कोण जिंकलं ते आता पोरंसुद्धा सांगतील.

तरी कोरी पानं मी शेवटपर्यंत उलटून पाहिली.
शेळीसाठी.