मानेतून जातं ते

खोर्लीत दीड खोलीचं भाडं भरून जे उरतं
त्यात डबे बसत नाहीत.
शुक्रवारच्या बाजारात स्टीलचा एक डबा म्हणजे
तीन दिवसांची मासळी;
प्लास्टिकचा स्वस्त, पण त्याचं झाकण
महिन्याभरात दात विचकतं.

मी सेबास्तियांवबाबच्या बारात ग्लास विसळते.
म्हटलं, रिकाम्या बाटल्या भंगारात घालता,
थोड्या मला द्या, पगारातून कापा.
कापलं काही नाही त्यांनी. आवाज खाली आणून विचारलं,
"शेवंती, उत्तम परत पिवंक लागलो?"
"ना बाब. मूग दवरपाक."

आधी राख. मग मूठभर कणी आणि गरम पाणी
घालून हलवायचं, हात भरून येईपर्यंत.
मग उलट्या, तीन उन्हं.
आत धुकं दिसलं तर चौथं.
ओली बाटली आणि गोड बोलणारा नवरा,
दोन्ही महिन्यानंतर कळतात.

नरसाळं जुन्या कॅलेंडरच्या पानाचं, एप्रिलचं.
तूरडाळ सरसर जाते.
मोहरीला तर घाईच, जणू बस सुटणार आहे.
उकडा तांदूळ दारातच गर्दी करतो,
त्याच्या पाठीवर थोपटावं लागतं.
काबुली चणे मानेत अडकले;
विणायच्या सुईनं टोकत एक अख्खी संध्याकाळ गेली.
तेव्हा नियम केला, माझा मीच:
मानेतून जातं ते बाटलीत.
अळसांदे, चणे, गूळ, पापड
पोदेराकडच्या बिस्किटांच्या पत्र्यात.
सोलं बरणीत, कारण ती कुणाचंच ऐकत नाहीत.
आणि सुकी सुंगटं, झाकणाला सायकलच्या ट्यूबचं कडं चढवून,
साखरेपासून लांब, म्हणजे
ही खोली जितकं लांब जाऊ देते तितकं.

मुंग्या काचेवर चढतात, बुचाभोवती प्रदक्षिणा घालतात,
उतरतात.
लेबलं भिजवून काढली. एक मिशीवाला राजा मात्र
काही केल्या सुटला नाही,
त्याच्या पोटात जिरं भरलं.
आणि बाविसाव्या तारखेला काही उघडावं लागत नाही,
काचेतूनच दिसतं, महिना कुठवर आला आहे.

घरमालकीण फ्लोरिना खिडकीवरून जाते
आणि छातीवर क्रूस काढते.

उत्तम बार्जवरून आठ दिवसांनी आला.
फळीकडे बघून काही बोलला नाही, जेवला, आडवा झाला.
रात्री कधीतरी काचेला काच लागली.
मी डोळे उघडले नाहीत.
अंधारात तूरडाळ एकदा खळखळली,
एकदाच,
मग बाटली जागेवर ठेवल्याचा आवाज.

मे संपताना सासूबाई आल्या, सत्तरीतून, गाठोडं घेऊन.
दारातच थबकल्या.
"हें घर काय बार गो?"
मग मिशीवाला राजा उतरवला, बूच काढलं, हुंगलं.
मूग तळहातावर ओतून बोटानं चाळले.
"कीड ना," म्हणाल्या,
तक्रार करावी तसं.
गाठोड्यातून त्यांचा स्वतःचा डबा निघाला:
वाळवून कोरलेला भोपळा, तोंडाला चिंधीचा बोळा,
आत राख चोळलेले कुळीथ.
याला पैसे पडले नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं.
मीही सांगितलं, मलाही नाहीत.
मग आम्ही दोघी बराच वेळ फळीसमोर बसलो,
चहा गार होईपर्यंत, एकमेकींचा माल तपासत.

जाताना सहा चपट्या बाटल्या मागून घेतल्या.
"ह्यो बऱ्यो. आडव्यो रावतात."
वाळपईच्या बसमध्ये पिशवी किणकिणली तसा
कंडक्टर हसला.
"बियाणं," त्या म्हणाल्या, ताठ मानेनं,
आणि त्याला पटलं नाही ते त्यांनी
पुढच्या स्टॉपपर्यंत पटवायचा प्रयत्न केला असणार,
मी त्यांना ओळखते.

भोपळा इथेच राहिला, बाटल्यांच्या रांगेत.
त्यातून काही दिसत नाही.
किती उरलंय बघायला
तो उचलावा लागतो.