मुकं अक्षर

मार्चमध्ये कळलं.
रात्रपाळी करून आले होते, हातांना शिंपल्यांचा वास,
एलिसेओ चुलीपाशी धडा वाचत होता
खडखडीत, कुठेही न अडता.
कौतुकानं शेजारी टेकले, पान मीच उलटलं,
ओल्या बोटांना दोन पानं चिकटून आली.
तो वाचतच राहिला.
बदक अजून तळ्यातच होतं त्याच्या तोंडी,
चित्रात ते केव्हाच बाजारात पोचलेलं.

आठ वर्षांचं पोर.
दुसऱ्यांचं ऐकून ऐकून अख्खं पुस्तक पाठ केलेलं,
कुणाला कळू नये म्हणून.
बोलणार होते, पण काय बोलणार?
मागच्या हिवाळ्यात टेबलावर मूठ मीच आपटली होती:
'बे' की 'दे'? पोट पुढे की मागे? रोज तेच विचारायचं का, गाढवा?
तेव्हापासून त्यानं विचारलंच नव्हतं.

सेन्योरीता हिमेनानं मला त्याच्याच बाकावर बसवलं.
गुडघे मावेनात.
म्हणाली, आळशी नाही हो तो.
अक्षरं त्याच्यासाठी जागेवर उभी राहत नाहीत,
आणि तो रोज एकटाच त्यांना हाकत बसतो.
मग चहाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन
तिनं मधोमध खिडकी कापली, एका शब्दापुरती.
हा ओळीवरून सरकवा. दहा मिनिटं, जास्त नाही.
अडला तर मनात पाचपर्यंत मोजा,
मग शब्द सांगून टाका आणि पुढे चला.
उसासा मात्र नको.

उसासा नको! बाकी सगळं जमलं असतं.
एक. दोन. बटाटे उतू जातायत.
तीन. कारखान्यात शिंपल्यांमागे माझे हात धावतात,
मुकादम घड्याळ घेऊन पाठीशी,
आणि इथे एका शब्दापुढे हात बांधून बसायचं.
चार.
शब्द खिडकीत येतो, धुक्यातून होडी यावी तसा,
आधी नुसतं टोक,
मग काहीतरी काळं, हलणारं,
मग नाव वाचता येईल इतकी जवळ—
पाच.
कधी येते. कधी परत धुक्यात जाते.

जुलैत तो 'आचे'वर रुसला.
हे का लिहायचं? बोलतच नाही ते.
उएवो म्हणजे अंडं, इलो म्हणजे दोरा, ओर्नो म्हणजे भट्टी,
सगळ्यांच्या दारात हेच, तोंड मिटून.
आणि आब्लार! आब्लार म्हणजे बोलणं,
तिथेही हेच पहिलं!
मी चौथीत शाळा सोडलेली, मला काय ठाऊक?
म्हटलं, तू नाही का मागच्या बाकावर,
हजेरीत नाव असतं, आवाज नसतो.
बोलले आणि जीभ चावली.
पण तो हसला. त्या अक्षराशी त्याची तेव्हापासून गट्टी.

रेमिहिओ चौदा दिवस सामन माशांच्या पिंजऱ्यांवर असतो, मग सात दिवस घरी.
त्या सात दिवसांत पुस्तक निघालं
की त्याला लाकडं फोडायची आठवण होते.
मी कधी विचारलं नाही.
सही येते त्याला, वळणदार,
ती काढताना तो श्वास रोखतो, एवढं मला दिसतं.

काल कुऱ्हाड दाराशी ठेवून तो आत आला.
बूटही न काढता बसला.
एलिसेओनं पुठ्ठा सरकवला. अर्धं पान, वीस मिनिटं.
एका शब्दापाशी थांबला.
रेमिहिओनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली: थांब.
"इहो," पोर म्हणालं. मुलगा.
"याच्या सुरुवातीला आचे आहे, बाबा. ते बोलत नाही.
असतं फक्त."

"कुठलं?"
इतक्या वर्षांत एका अक्षराबद्दल त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.
"हे. खुर्चीसारखं दिसतं ना, ते."

रेमिहिओनं भेगाळलेलं बोट त्या खुर्चीवर टेकवलं,
आणि उचलेचना.
मी मोजत होते.
पाचाच्या कितीतरी पुढे गेले.