कूलरची खिडकी

त्रिमूर्तीनगरात, औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस.
चार खुर्च्या, एक कूलर,
आणि भिंतीवर माझ्याच अक्षरात चिकटवलेलं वाक्य :
एकच गोष्ट दोनदा लिहू नये.

बंगळूरच्या एका थंडगार सभागृहात ऐकलं होतं.
बोलणाऱ्यानं स्वेटर घातला होता.
मी टिपून घेतलं, टाळ्याही वाजवल्या.

मग कळमन्याच्या संत्रा-अडत्याचं काम आलं.
आंबियाची पावती, मृगाची पावती,
दिसायला सख्ख्या बहिणी :
तोच शेतकरी, तोच काटा, तीच हमाली.
म्हटलं, दोघींना एकाच फंक्शनमध्ये नांदवू.
पहिला आठवडा फार देखणं दिसलं ते.

नंतर एकेक फोन.
मृगाला तूट वेगळी धरतात, मॅडम.
    जर मृग असेल तर.
आंबियाचा बारीक माल शेवटी निराळा विकतो.
    जर आंबिया असेल, आणि माल बारीक असेल, तर.
भंडारा रोडवरचे व्यापारी दोन्हीकडे अपवाद.
    जर, जर, नाहीतर.
दिवाळीपर्यंत जरतरची इतकी झालर लागली
की आत संत्रं आहे की लिंबू, मलाच कळेना.

चिंधूजी बावनकर, तोलारी, तीस वर्षं काट्यावर.
पावती डोळ्यांशी धरून म्हणाले,
"मृग फुलते पावसात, आंबिया थंडी सरता सरता.
एका गंजात काऊन शिजवून राह्यली, पोरी?"

त्या रात्री मी ते तोडलं.
दोन फंक्शनं. निम्म्या ओळी जुळ्या.
वाचताना लाज वाटली,
चालवताना नाही.

एप्रिलात पुण्याचा आतेभाऊ आला, सौमित्र.
कूलर लावला, आणि शहाण्यासारख्या
सगळ्या खिडक्या बंद केल्या.
त्याच्या घरी एसी आहे, तिथं हेच बरोबर.
अर्ध्या तासात चादर दमट, पापड मऊ,
सौमित्र निथळत विचारतो, "बिघडलाय का तुमचा?"
आईनं न बोलता मागची खिडकी उघडली.

तेव्हापासून कुणी म्हणालं, हे असंच करायचं असतं,
की मी आधी विचारते, तुमच्याकडे एसी का कूलर?
लोकांना वाटतं, हिनं विषय बदलला.

सगळंच फेकून देता येत नाही, हेही आहे.
अडतीचा दर मी अजून एकाच जागी लिहिते.
तो बदलला त्या दुपारी
स्वेटरवाल्याला मनात नमस्कार केला होता.

परवा नवा मुलगा आला, देवांशू उईके.
वहीत उतरवत होता :
मॅडम म्हणतात, दोनदा लिहिलं तरी चालतं.
मी पेन थांबवलं.
खाली लिही, म्हटलं :
कळमना. संत्री. दोन बहार. चार माणसं. एक कूलर.

त्यानं लिहिलं. मग मान वर करून,
"आणि मोसंबी आली तर?"

मला माहीत नव्हतं.
गाडीची किल्ली शोधली.
चल, चिंधूजी चारपर्यंत असतात.