रकाना सात

दर तीन महिन्यांनी गाबोरोनीहून फॉर्म येतो.
वर त्याचं नाव : म्थाबिसी मासुकू,
परदेशी, विंधणयंत्र चालक, परवाना मार्चअखेर.
खाली माझं : गोफाओने,
नागरिक. उमेदवार.
आणि सातवा रकाना विचारतो :
उमेदवार किती टक्के तयार झाला?

शंभर लिहिले
की तो सीमेपलीकडे, प्लमट्रीला परत.
कायदा तसाच आहे. चूकही नाही.

गेल्या खेपेला मी पंचावन्न लिहिले.
त्याआधी पन्नास.
साहेब म्हणाले, गाढवाच्या चालीनं शिकतोस रे.
मी मान खाली घातली. सोपं होतं ते.

म्थाबिसी बूट काढून उभा राहतो यंत्राच्या पायाशी.
ऐंशी मीटरवर दगड बदलला
की त्याच्या टाचेला आधी कळतं,
काट्याला मागाहून.
वर आलेल्या भुग्यातली चिमूट जिभेवर ठेवतो, थुंकतो :
"खारं. गुरंसुद्धा तोंड लावणार नाहीत. हलवा इथून."
हे कोणत्या टक्क्यात बसवायचं?

पण मला यायला लागलंय.
अडचण तीच आहे.
गेल्या बुधवारी, सेरुलेच्या पुढे,
रॉड अडकणार हे मला त्याच्याआधी समजलं.
मी हात वर केला. त्यानं यंत्र बंद केलं.
बराच वेळ बघत राहिला माझ्याकडे,
पोराच्या ओठावरची पहिली लव
बापानं बघावी तसा.
मग म्हणाला, डिझेल भर.

घरी बोनोलो भांडते.
तिनं दोन हिवाळे काढलेत
कामगार कचेरीच्या भिंतीला पाठ लावून,
प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडलेली.
"दादा म्हणतोस त्याला. दादाचा पगार किती?
तुझा किती?"
तिप्पट आहे त्याचा.
ती खोटं कधीच बोलत नाही, म्हणून तिच्याशी बोलणं जड जातं.

आमचा बाप सोन्याच्या खाणीत होता, दक्षिणेला,
नऊ नऊ महिन्यांच्या करारावर.
आला तेव्हा एक घोंगडी, पत्र्याची पेटी,
आणि तो खोकला.
गल्लीतली पोरं म्थाबिसीला ज्या नावानं हाक मारतात
तसलं एखादं नाव
बापालाही असेल तिथं.
त्यानं कधी सांगितलं नाही.
आम्हीही घोंगडीच पांघरत राहिलो.

आज फॉर्म जीपच्या बॉनेटवर आहे,
उडू नये म्हणून वर पाना ठेवलाय.
म्थाबिसी डब्यातलं पाप खातोय, बोटं चाटत.
"ह्या वेळी किती?"
"बघतो."
"पाच पाच करत गेलास तर मी इथंच म्हातारा होईन,"
तो हसला. म्हणजे त्याला ठाऊक होतं.
केव्हापासून, ते मी विचारलं नाही.
मग हसू पुसून म्हणाला,
"माझी पोर आठवीत आहे.
तरी सांगतो,
मी तुला खोटा दगड दाखवला नाही एकदाही."

मी सहा लिहिला. खोडला.
नऊ लिहिला,
त्याच्यापुढची जागा कोरीच.
शाई फुटून कागदावर डाग पडला.

तो उठला, हात पँटला पुसले,
यंत्राकडे चालू लागला.
वळून म्हणाला,
"बूट काढ. अजून चाळीस मीटर आहेत."