पश्चिमेकडून, सात सत्तेचाळीस

आकड्यांच्या दोन ओळी
जॉबकार्डाच्या पाठीवर उतरवून घेतल्या. चार दिवस शिळ्या.
शिळी भाकरी चालते, कक्षा चालत नाही.

उद्यमनगरात दिवसभर मी
मिलिमीटरचा शंभरावा भाग धरून बसतो,
त्यापलीकडचा माल परत.
वहीत मात्र शाईनं लिहिलं: सात सत्तेचाळीस, अंदाजे.
फोरमननं बघितलं असतं तर हसला असता.

गिरोलीच्या वळणावर दस्तगीरभाईंनी तिपाई रोवली.
खाली कोल्हापूर. रंकाळा तेवढा
अंधारावरून ओळखायचा.
गुजरीत तीस वर्षं त्यांनी नवऱ्या टिपल्या,
आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा साखरेनं खाल्लेला.
"तू नुसती वेळ सांग," म्हणाले,
"बघायचं काम कॅमेऱ्याचं."

येणार होतं ते एक रिकामं नळकांडं,
कुठल्याशा रॉकेटचा वरचा टप्पा,
काम संपल्यापासून कोलांट्या खात फिरणारा.
मी सांगत होतो, वरची विरळ हवा त्याला अडवते,
अडवलं की ते खाली घसरतं,
खाली आलं की आणखी जोरात पळतं.
"म्हंजे अडवल्यावर लवकर येतंय?"
"व्हय."
"आमच्या धाकट्यागत."

आणि बोलता बोलता आलंच की ते,
एकवीस सेकंद आधी,
भाद्रपदांच्या चौकोनातून,
दर चार सेकंदांनी भक्कन उजळत, विझत.
"दाबा!"
त्यांनी दाबलं. मान वर केली नाही.
बोटाखालची वायर आणि माझा आवाज,
एवढ्यावर उभे.

अश्विनीपाशी पृथ्वीची सावली लागली.
कृत्तिकांपर्यंत ते पोचलंच नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून,
डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी धरून
त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.
गार वारा सुटला होता, मला तंबाखूची तलफ आली होती.
"साज हाय रं हा," म्हणाले. "मणी ओवलेत बघ.
अर्ध्यात सोनारानं दिवा मालवलाय."

वहीत मी लिहिलं: एकवीस सेकंद लवकर.
ठिपके आठ. मग ठिपके खोडलं, मणी केलं.
डोळ्यांनी की कॅमेऱ्यानं, तो रकाना
त्यांच्या नावापुढं कोराच ठेवला.

तिपाईचे पाय मिटता मिटता त्यांनी विचारलं,
"पुढचं कधी?"
"परवा पहाटे. बहुतेक."
"मग ओळी जरा ताज्या घे की लेका."