लाल दिव्यानंतर

टायटसव्हिलच्या शाळेतलं जेवणघर.
टेबलं भिंतीला सरकवलेली, तळलेल्या माशाचा वास तसाच.
माणशी तीन मिनिटं:
हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.
मी कोपऱ्यात, बावीस कळांच्या यंत्रावर बोटं ठेवून.
माझं काम ऐकणं नाही, उतरवणं.

यान शनीकडे निघायचंय.
तिथे पोचतं ते आपल्या उन्हाचा शंभरावा हिस्सा,
तेव्हा शिदोरी घरूनच न्यावी लागते,
असं म्हणाला वेंडल प्रुइट, निवृत्त अभियंता,
टायला जुन्या मोहिमेची पिन.
प्लुटोनियमच्या वड्या, चिनीमातीसारख्या भाजलेल्या,
वर इरिडियमचं कवच, त्यावर ग्रॅफाइट.
पडल्या तरी फुटणार नाहीत,
फुटल्या तरी उडणार नाहीत,
उडाल्या तरी
(पिवळा दिवा)
धोका चौदाशेत एक.

ओडेसा टिलमन लाँड्री चालवते, हात कोपरापर्यंत फिकट.
"माझा नवरा जन्मभर दर शुक्रवारी लॉटरी काढत आला.
कुणा एकाला लागतेच, म्हणायचा.
मला चौदाशेत एक शिकवू नका."
हशा.
हशा कंसात लिहायचा, असा नियम आहे.
तिच्या आवाजात हसू नव्हतं. त्याला नियम नाही.

लुथर बेस, संत्र्यांची बाग:
काही सांडलं नाही तरी सांडल्याची बातमी पुरे.
ओहायोतली बाई माझं संत्रं उचलेल, आणि परत ठेवेल.
एवढं बोलून बसला, दोन मिनिटं शिल्लक टाकून.

रात्रपाळीच्या नर्सनं एकच विचारलं,
त्या पहाटे वारा कुठून कुठे वाहणार?
मंचावरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.
लेखी कळवू, म्हणाले.
तिनं पत्ता सांगितला, झिपकोडसकट.

मग एमेट पर्व्हिस.
कोळंबी धरायचा, आता दुसऱ्यांची जाळी सांधतो.
शर्टाचं वरचं बटण काढलं.
"ते इथे आहे," म्हणाला.
"चौऱ्याहत्तर साली बसवलं.
बाकीच्यांची बॅटरी दोन वर्षांत संपायची, की पुन्हा छाती उघडा.
माझी तेवीस वर्षं चालू आहे.
तुमच्या त्या वडीचाच कण, तांदळाच्या दाण्याएवढा."

खुर्च्यांचा आवाज थांबला.

"कागदावर सही केलीय. मेल्यावर परत करायचं,
वाचनालयाच्या पुस्तकासारखं.
अर्धायुष्य अठ्ठ्याऐंशी वर्षं, डॉक्टर म्हणाला.
मी विचारलं, माझं की त्याचं?"

लाल दिवा लागला. घंटा कुणी वाजवली नाही.

"बायको तेवीस वर्षं या छातीवर कान ठेवून झोपते.
कागदात तिच्यावर एक ओळ नाही.
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
दुसऱ्या वर्षी नाही विचारलं.
जिवंत होतो ना."
बटण लावलं. बसला.

तक्त्यात रकाने दोनच: बाजूने, विरोधात.
रात्री कारकुनाचा फोन, पर्व्हिसला कुठे टाकू?
मी म्हटलं, त्यांनी काही मागितलंच नाही.
असं चालत नाही, तो म्हणाला.
मग टाका कुठेही, म्हटलं,
आणि लगेच, नको, थांबा.

ऑक्टोबर. पहाटेच्या अंधारात सगळे पुलावर,
फलकवाले, दुर्बीणवाले,
एकाच थर्मासमधली कॉफी.
ओडेसा घडीच्या खुर्चीत, चपला काढून.
आधी उजेड आला. मग बराच वेळ काहीच नाही.
मग तो आवाज, जो पायांतून वर चढतो
आणि दातांना बरणीतल्या चमच्यांसारखं वाजवतो.
सगळ्या माना वर.
पर्व्हिसची बायको तेवढी त्याच्या शर्टाकडे बघत होती.

मी बोट ओलं करून वर धरलं.
कुणी सांगितलं नव्हतं, यंत्रही घरी होतं.
वारा जमिनीकडून समुद्राकडे.
हे नोंदवून ठेवते.

नर्सला ते पत्र आलं का,
विचारायचं राहिलं.